कपिचित ते लेण्याद्री : एका विहाराचे स्थित्यंतर

पुण्याहून नाशिककडे जाणारा मोठा रस्ता नारायणगाव सोडल्यावर पिंपळवंडीवरून आळेफाट्याला पोहोचतो. आजच्या प्रवाशाच्या दृष्टीने या मुलुखाचा कणा म्हणजे हा दक्षिणोत्तर रस्ता होय. प्राचीन काळी मात्र येथील दळणवळणाची मुख्य दिशा वेगळी होती. पिंपळवंडी ज्या कुकडी नदीच्या खोऱ्यात वसले आहे, ती नदी नाणेघाटाच्या परिसरात कुकडेश्वराजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहते. कोकणातील सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून याच खोऱ्यात उतरे, जुन्नरला विसावे आणि पुढे प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, वाटेला लागे. पिंपळवंडीहून नारायणगाव-जुन्नर मार्गाने असो की ओतूरच्या बाजूने असो, लेण्याद्रीकडे निघालेला यात्रेकरू पश्चिमेस वळतो, तेव्हा तो नकळत या जुन्या व्यापारी मार्गाच्या रोखाने, उगमाच्या दिशेने जात असतो. लेण्याद्रीचा इतिहास समजून घ्यावयाचा तर प्रथम ही दिशा ध्यानात घेतली पाहिजे. कारण डोंगराच्या पोटात एवढे मोठे कोरीव काम का झाले, या प्रश्नाचे उत्तर डोंगरात नसून त्याच्या पायथ्याशी असलेल्या वाटेत आहे.

जुन्नरच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटरवर, कुकडी ओलांडल्यानंतर, गोळेगावाजवळ हा डोंगर लागतो. सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेले की यात्रेकरू थेट गणपतीच्या दारात येतो. अष्टविनायकांपैकी डोंगरावर असलेले आणि लेण्यात असलेले हे एकमेव स्थान. येथील देवाचे नाव गिरिजात्मज. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, रांजणगाव आणि जवळच असलेले ओझर या इतर सात ठिकाणी जे दिसते त्यांपैकी पुष्कळसे येथे नाही. शिखर नाही, कळस नाही, दगडी तट नाही. ओझरच्या देवळाचा जीर्णोद्धार चिमाजी आप्पांनी वसईच्या विजयानंतर (१७३९) केल्याचे सर्वश्रुत आहे. लेण्याद्रीला अशा बांधकामाला वावच नव्हता. अठराव्या शतकातील दात्यांना येथे नवे उभारण्यासारखे थोडेच उरले होते, कारण मंदिर म्हणून जी वास्तू वापरात आली ती त्यापूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षे उभी होती. ती वास्तू म्हणजे बौद्ध भिक्षूंचा विहार.

ही गोष्ट आज कोणापासून लपलेली नाही. पायथ्याचे फलक ती सांगतात, शाळकरी मुलेही ती जाणतात. वाद आहे तो तिच्या अर्थासंबंधी. एक पक्ष म्हणतो की हे स्थान अनादि काळापासून गणेशाचे असून लेणी ही नंतरची उपाधी होय. दुसरा पक्ष म्हणतो की येथे बौद्धांचा विहार बळाने हिरावून घेतला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धर्मांतर केल्यानंतर महाराष्ट्रातील प्राचीन बौद्ध लेणी लक्षावधी लोकांच्या जिवंत श्रद्धेचा विषय झाली, आणि मग या प्रश्नाला केवळ पुराणवस्तुशास्त्राचा प्रश्न म्हणून राहता आले नाही. तेव्हा दोन्ही पक्षांचा आवेश बाजूला ठेवून दगड काय सांगतो ते पाहणे अगत्याचे आहे.

जुन्नरच्या आसपास शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात अन्यत्र क्वचितच असतील. त्यांतील लेण्याद्रीचा गट सुमारे तीस लेण्यांचा असून ती सर्व दक्षिणाभिमुख आहेत आणि त्यांचे क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे दिलेले आहेत. त्यांपैकी सहावे आणि चौदावे ही चैत्यगृहे होत. उरलेले बहुतेक विहार, म्हणजे राहण्याच्या जागा. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंतचा काळ त्यांना सामान्यतः दिला जातो. या लेखांकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय कर्नल साइक्स यांना आहे. त्यांनी जुन्नरच्या शिलालेखांच्या नकला १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. पुढे जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह छापला, आणि त्यानंतरचे सर्व काम त्या पायावर उभे राहिले. भगवानलालांचे नाव येथे मुद्दाम घ्यावयाचे ते अशासाठी की, पाश्चात्त्य पंडितांच्या नावांच्या गर्दीत या जुनागढच्या विद्वानाचे ऋण पुष्कळदा नुसते उल्लेखापुरते उरते.

हे शिलालेख लहान आहेत. बहुतेक एक-दोन ओळींचे, प्राकृत भाषेतले आणि ब्राह्मी लिपीतले. त्यांत काव्य नाही, तत्त्वज्ञान नाही. कोणी, काय, कोणासाठी दिले एवढेच. पण दात्यांची यादी करू लागले की जुन्नरचे खरे स्वरूप समोर येते. सहाव्या लेण्याच्या, म्हणजे मुख्य चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावरील लेख सांगतो की ते चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार, किंवा कोशातील सोन्याचा अधिकारी. घाटाखालच्या बंदरातला माणूस घाटावरच्या डोंगरात चैत्य कोरवितो, यावरून वाटेचा आणि विहाराचा संबंध दुसऱ्या पुराव्याची गरज राहू नये इतका स्पष्ट होतो. कल्याणचे नाव ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवृत्तातही येते. कोण्या राजाच्या अमदानीत ते खुले बंदर होते आणि पुढे तेथे ग्रीक गलबतांना अडथळा होऊ लागला, अशी नोंद त्यात आहे. जुन्नरच्या लेखांत तीन यवनही भेटतात. इरिल याने दोन पाण्याची टाकी दिली, चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला आणि चंद याने लेण्याच्या गाभाऱ्याचे दार करविले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने ४६ व्या वर्षी टाके आणि मंडप केल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. ते वर्ष शककालाचे धरले तर इ. स. १२४ येते. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांच्या उत्पन्नातून भिक्षूंची सोय लावलेली आढळते. कोणी गावातील जमीन निवर्तनांच्या मापाने देतो, कोणी करंजाची वा आंब्याची झाडे असलेले शेत देतो.

यांत राजे जवळजवळ नाहीत. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्याच वाटेच्या माथ्यावर, नाणेघाटातील लेण्यात, सातवाहनांचा प्रसिद्ध लेख आहे. नागनिका राणीच्या त्या लेखात अश्वमेधासारख्या वैदिक यज्ञांची आणि त्या निमित्ताने दिलेल्या हजारो गाईंच्या, हत्ती-घोड्यांच्या आणि कार्षापणांच्या दक्षिणेची लांबलचक जंत्री आहे. म्हणजे एकाच वाटेवर, दिवसाभराच्या अंतरात, राजघराणे यज्ञांचा अभिमान मिरवीत होते आणि व्यापारी, कारागीर, परदेशी आणि अधिकारी बौद्ध संघाला दान देत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींना बाधक होत्या असे त्या काळच्या लोकांना वाटत नव्हते. धर्म म्हणजे परस्परांपासून भिंतींनी तोडलेली क्षेत्रे, ही आपली आजची कल्पना त्या काळावर लादली की पुढचे सगळे अनुमान चुकत जाते.

भिक्षूंचे जीवनही वस्तीपासून तुटलेले नव्हते. विहार डोंगरात असला तरी भिक्षा खालच्या गावात होती. एका लेखात तर धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या नगरातील निवासाचा उल्लेख आहे. पावसाळ्याचे महिने एका जागी काढण्याचा जो भिक्षूंचा नियम होता, त्याला या घाटमाथ्याच्या पावसाची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. आषाढ-श्रावणात जुन्नरच्या पश्चिमेकडच्या वाटा आजही अवघड होतात. तेव्हा व्यापारी तांडेही थांबत असले पाहिजेत. लेण्यांच्या शेजारी कोरलेली पाण्याची टाकी या हिशेबातली आहेत. पावसाचे चार महिने साठवायचे आणि आठ महिने वापरायचे. शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तो याचसाठी. टाके देणे हे चैत्य देण्याइतकेच पुण्याचे मानले जाई, आणि उन्हाळ्यात हा डोंगर चढलेल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष सातव्या लेण्याकडे वळावे. पूर्वेस त्याला लागून सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांना घटाकृती बैठका आणि शीर्षे असून वर पाठीला पाठ लावून बसविलेल्या प्राण्यांच्या जोड्या आहेत. छत अर्धगोल असून त्याच्या कमानदार फासळ्या लाकडाच्या न बसविता दगडातच कोरलेल्या आहेत. आत टोकाला स्तूप आहे. शिल्पाच्या दृष्टीने लेण्याद्रीतील सर्वांत संपन्न वास्तू हीच. सातवे लेणे त्या मानाने साधे आहे. परंतु ते या गटातले सर्वांत मोठे. दर्शनी भागी खांबांची ओसरी, मग दाराखिडक्यांची भिंत, आणि आत सुमारे १७ मीटर लांब, साडेपंधरा मीटर रुंद असा एक विस्तीर्ण सभामंडप. त्याची उंची जेमतेम साडेतीन मीटर. एवढ्या मोठ्या छताला आत एकही खांब नाही. दर्शनाला आलेल्या भाविकाला सर्वांत आश्चर्य वाटते ते याचे. मंडपाच्या तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आहेत : डावीकडे सात, उजवीकडे सात आणि मागील भिंतीत सहा. एकूण वीस. मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्यांच्या जागी गिरिजात्मजाचे स्थान आहे.

या ‘मधल्या दोन’ शब्दांवर क्षणभर थांबले पाहिजे. मागील भिंतीत खोल्या सहा आहेत, म्हणजे सम संख्येत. त्यामुळे मंडपाचा मध्य कोणत्याही एका खोलीवर येत नाही. तो तिसऱ्या आणि चौथ्या खोलीमधल्या भिंतीवर येतो. दाराशी उभ्या राहणाऱ्याच्या समोर देव यावा असे वाटले तर या दोन खोल्या एकत्र घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही की, ज्यांनी हा विहार कोरला त्यांच्या मनात मागील भिंतीत पूजास्थान करण्याची कल्पना नव्हती. असती तर त्यांनी पाच किंवा सात खोल्या काढल्या असत्या आणि मधली देवाला ठेवली असती. अनादि काळापासून येथे गणेश होता आणि लेणे त्याच्याभोवती कोरले, हे म्हणणे या एकाच मोजणीने अडचणीत येते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मागच्या भिंतीच्या मध्यावर गाभारा आणि समोर मंडप, ही रचना विहारांच्या बाबतीत पूर्णपणे परकी नव्हे. महायान पंथाच्या काळात बौद्धांनी स्वतःच आपल्या विहारांत तिचा अवलंब केला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन विहारांत मागच्या बाजूस बुद्धाचा गाभारा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील विसाव्या लेण्यात तर जुना विहार मागे खोदून वाढविला गेला आणि तेथे भव्य बुद्धमूर्ती कोरली गेली. लेण्याद्रीला गणेशाच्या स्थापनेने जे घडले ते आकृतीच्या दृष्टीने नाशिकला बुद्धाच्या स्थापनेने जे घडले त्याच जातीचे आहे : राहण्याच्या जागेचे देवघर झाले.

मात्र नाशिकला घडले तसे जुन्नरला बौद्धांच्या हातून घडले नाही, आणि हाच या प्रश्नातील कळीचा मुद्दा होय. कार्ले, कान्हेरी, नाशिक या ठिकाणी पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास जुन्या लेण्यांत बुद्धमूर्तींची भर पडली. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर आणि कान्हेरीच्या ओसरीत त्या आजही उभ्या आहेत. जुन्नरच्या दोनशेंहून अधिक लेण्यांत अशी भर जवळजवळ पडली नाही. येथले बौद्ध शिल्प शेवटपर्यंत स्तूप, कमान, चक्र, प्राणी यांच्या मर्यादेत राहिले. एवढ्या मोठ्या केंद्राला महायानाच्या लाटेने स्पर्श करू नये, याचे स्पष्टीकरण देताना बहुतेक अभ्यासक व्यापाराच्या ओहोटीकडे बोट दाखवितात. सागरी व्यापार मंदावला आणि वाट रोडावली, तेव्हा वाटेवर जगणारे विहार ओस पडू लागले. कल्याणच्या सोनाराचा वारस नवा चैत्य कोरवायला आला नाही. हे अनुमान मान्य केले तर ‘हिरावून घेतले’ या शब्दाला आधार उरत नाही. मूर्ती नसलेल्या, भिक्षू नसलेल्या, कोऱ्या भिंतींच्या एका दालनात काही शतकांनी दुसरी पूजा सुरू झाली. हिसकावण्यासाठी समोर कोणी असावे लागते.

दुसरा पुरावा शेजारच्या लेण्यात आहे. वास्तूचा ताबा घेऊन आधीच्या धर्मावर मात करावयाची असती, तर ताब्यात घेण्यासारखी वास्तू सहावे लेणे होते. तेथे स्तूप होता, खांब होते, कोरीव काम होते, आणि तो पूजेचा मध्यबिंदू होता. त्याला कोणी हात लावला नाही. स्तूपाची पिंडी झाली नाही, त्याच्यापुढे नंदी बसला नाही. गणेशभक्तांनी निवड केली ती राहण्याच्या दालनाची, आणि त्या निवडीमागची कारणे उघड व्यवहाराची दिसतात. मोठी जागा, मधे खांबांचा अडथळा नाही, दक्षिणेकडून दिवसभर येणारा उजेड, समोर बसण्यास प्रशस्त ओसरी. सहाव्या लेण्याच्या अरुंद, लांबट चैत्यात शंभर माणसांनी आरतीला उभे राहणे कठीण. सातव्यात ते सहज शक्य. अर्थात यावरून त्या काळी बौद्ध आणि गाणपत्य यांच्यात केवळ सलोखाच होता असेही म्हणता येणार नाही. रिकाम्या घराचा ताबा हाही एक ताबाच असतो, आणि पूर्वीच्या रहिवाशांचे नाव त्या ताब्याने पुसले जाते. लेण्याद्रीला तसे झालेही.

नावाचाच विचार करावा. जुन्नरच्या शिलालेखांत ‘कपिचित’ हे स्थलनाम येते आणि ते लेण्याद्रीच्या डोंगराचे प्राचीन नाव असल्याचे मानले जाते. आज त्या नावाचा मागमूस परिसरात नाही. शेजारच्या मानमोडीची गोष्ट वेगळी आहे. त्या डोंगराचे आजचे नाव तेथल्या शिलालेखातील प्राचीन नावाशी जुळते, याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लक्ष वेधले. म्हणजे एका डोंगराने दोन हजार वर्षे नाव टिकविले आणि कोसा-दोन कोसांवरच्या दुसऱ्याने ते गमावले. गमावलेल्या नावाच्या जागी जे आले ते मात्र विलक्षण आहे. ‘लेण्याद्री’ या शब्दाचा पूर्वार्ध ‘लेणे’ आणि उत्तरार्ध ‘अद्री’, म्हणजे डोंगर. यांतील ‘लेणे’ हा शब्द संस्कृत पंडितांच्या भाषेतून आलेला नाही. तो शिलालेखांतील ‘लेण’ याच प्राकृत शब्दाचा वारस आहे. सुलसदताच्या समकालीन दात्यांनी आपल्या दानासाठी जो शब्द दगडावर खोदला, तोच ‘गिरिजात्मज लेण्याद्री’ म्हणणारा यात्रेकरू आज उच्चारतो. गणेशपुराणात हे स्थान ‘लेखनाद्रि’ या नावाने येते. लेखन म्हणजे लिहिणे. डोंगरावर लेख आहेत म्हणून तो लेखनाद्री, अशी व्युत्पत्ती कोणी सांगतात. ती सुंदर आहे. पण त्यापेक्षा, लोकांच्या तोंडी असलेला ‘लेणे’ हा शब्द अर्थ न उमगल्यामुळे पुराणकाराने संस्कृतात बसवून घेतला, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुराणांत असे पुष्कळदा घडते.

गणेशपुराणाचा काळ अभ्यासक साधारणतः ११०० ते १४०० या दरम्यान धरतात. त्यातील क्रीडाखंडात पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी या डोंगरावर बारा वर्षे तप केल्याची आणि तिच्या पोटी गणेशाने अवतार घेतल्याची कथा आहे. पुढे त्याच अवतारात त्याने मयूरेश्वर होऊन सिंधुदैत्याचा वध केला. या कथेने लेण्याद्री मोरगावशी जोडली जाते. पुराणाची रचना होईपर्यंत डोंगरावर गणेशाचे माहात्म्य प्रस्थापित झाले असावे, एवढे त्यावरून म्हणता येते. सातव्या लेण्याच्या दारांवर गिलाव्याचे आणि रंगाचे जे अवशेष आहेत ते या स्थित्यंतराचे आणि त्यानंतर वेळोवेळी झालेल्या नूतनीकरणाचे. त्यांतील काही थर एकोणिसाव्या शतकापर्यंत खाली येतात.

कथेत तप करणारी पार्वती आहे, ही बाब जुन्नरच्या संदर्भात उपेक्षणीय नाही. जुन्नरभोवतालच्या प्रत्येक लेण्यांच्या डोंगरावर मागाहून एक देवता आली. शिवनेरीवर शिवाई. तुळजा लेण्यांत, जेथे बारा खांबांच्या वर्तुळात स्तूप असलेले अपूर्व गोल चैत्यगृह आहे, तेथे तुळजादेवी. मानमोडीच्या डोंगरात अंबा-अंबिका. या शेवटच्या गटात मधला एक टप्पाही दिसतो : तेथे जैन मूर्ती कोरलेल्या आहेत आणि अंबिका ही मूळची नेमिनाथाची यक्षी. बौद्ध लेण्यात जैनांनी मूर्ती केल्या आणि जैन यक्षीला गावकऱ्यांनी आई म्हणून पूजिले. कार्ल्याच्या चैत्याच्या दारात एकवीरा आहे, हेही येथे आठवावे. एवढ्या देवींच्या पंक्तीत लेण्याद्रीलाच तेवढा देव. परंतु त्या देवाचे नाव पाहिले तर तो स्वतःच्या नावाने ओळखला जात नाही. मोरगावचा मयूरेश्वर, ओझरचा विघ्नेश्वर, थेऊरचा चिंतामणी. येथे मात्र गिरिजेचा आत्मज, म्हणजे आईचा मुलगा. तेव्हा गणेशाच्या आधी या डोंगरावर एखाद्या गिरिजेची पूजा होती काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. कोसंबींनी घाटवाटांच्या तिठ्यांवरील मातृदेवतांचा जो माग काढला त्याच्याशी हे अनुमान चांगले जुळते. तथापि जुळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. शिवाई, तुळजा, अंबिका यांची ठाणी दाखविता येतात. लेण्याद्रीला गिरिजा फक्त कथेत आणि नावात आहे. पदव्युत्तर अभ्यासकाने हे अनुमान टिपून ठेवावे, त्यावर इमारत बांधू नये.

आठ गणपतींची एक यात्रा म्हणून मांडणी झाली आणि तिला पेशवाईत जोर चढला, तेव्हा लेण्याद्रीचे भवितव्य पक्के झाले. तोवर जे एका खोऱ्याचे दैवत होते ते पुण्याभोवतीच्या मोठ्या यात्रामार्गावरचे एक ठाणे झाले. भाद्रपदातील चतुर्थी आणि माघातील गणेशजयंती या दिवशी डोंगराच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. व्यापारी वाट नाहीशी झाली, पण वाटेवरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या दानावर डोंगराने जगावे, ही प्राचीन व्यवस्था एका वेगळ्या रीतीने पुन्हा सुरू झाली. पूर्वी कल्याणहून बैलांचे तांडे येत. आता पुण्या-मुंबईहून मोटारी येतात.

या बदलाचा एक परिणाम मात्र चिंतनीय आहे. लेण्याद्री हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे आणि त्याच वेळी रोज पूजा होणारे देवस्थान आहे. संरक्षणाची दृष्टी म्हणते की दगडाला तेल, शेंदूर, धूर लागू नये. पूजेची दृष्टी म्हणते की तेला-शेंदुरावाचून देव कसला. तिसरी दृष्टी नव्या बौद्ध उपासकाची. तो सहाव्या लेण्यात स्तूपापुढे हात जोडतो आणि शेजारच्या विहारातील घंटेचा नाद ऐकतो. हे तिघे एकाच ओसरीवर भेटतात. विहाराच्या वीस खोल्यांकडे यांपैकी फार थोड्यांचे लक्ष जाते. दर्शनाची रांग सरळ मागील भिंतीकडे सरकते आणि दोन्ही बाजूंच्या सात-सात दारांकडे पाठ फिरवून परत येते. वस्तुतः ज्याला हा विहार समजून घ्यावयाचा आहे त्याने गाभाऱ्याआधी त्या बाजूच्या खोल्यांपाशी थांबले पाहिजे. एका माणसाने एका पावसाळ्यात किती जागेत राहावे, याचे उत्तर तेथे दगडात दिलेले आहे.

पश्चिमेकडे आणखी काही लेणी ओलांडून गेले की चौदाव्या क्रमांकाचे दुसरे चैत्यगृह लागते. सहाव्याच्या मानाने ते लहान आणि सपाट छताचे आहे. तेथवर फारसे कोणी जात नाही. त्याच्या लेखात दात्याचे नाव आनंद असे आहे. तो उपासक होता, तापसाचा मुलगा आणि कपिलाचा नातू. आजोबाच्या आणि ‘कपिचित’ या नावांतील साम्यावरून तर्क लढविण्याचा मोह होतो; तो आवरावा. पदवी नाही, गाव नाही, व्यवसाय नाही. तीन पिढ्यांची तीन नावे आणि चैत्यगृह दिल्याची नोंद, एवढ्यावर तो लेख संपतो.